आजोबांना परत घेणेबाबत

माझ्या हातून आजवर जितके अर्ज लिहिले गेले, त्यांपैकी एकाचाही विषय मला शोधावा लागला नाही. माणूस समोर बसतो, रडतो, भावाचे वाटोळे चिंततो, तलाठ्याला शिव्या घालतो, आणि त्या सगळ्यातून मी एक ओळ काढतो : रस्ता मिळणेबाबत, नोंद दुरुस्त करणेबाबत, बांध कोरल्याबाबत. ज्याचे दुःख एका ओळीत बसत नाही, त्याचे दुःख कचेरीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले, हे मी कधी लपवले नाही. परंतु जुन्नरच्या तहसील कचेरीसमोरच्या माझ्या टेबलाशी पदवीधरांनीही रांग लावलेली आहे, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

केवळ एका अर्जाचा विषय मला अर्धा तास सुचला नाही. तो अर्ज पिंपरी पेंढारच्या एका गृहस्थाचा होता. त्याला सगळा तालुका आजोबा म्हणत असे.

नव्वदच्या दशकाच्या आरंभी सरकारी वाहिनीवर आठवड्यातून एकदा एक कौटुंबिक विनोदी मालिका लागे. पुण्यातले एक घर. त्यात वडील, आई, एक खोडकर मुलगा, एक शहाणी मुलगी, आगाऊ शेजारी आणि एक आजोबा. घडायचे काहीच नाही. गॅस संपे, पाहुणे टपकत, मुलगा गुणपत्रक लपवी, आणि अर्ध्या तासाच्या आत सगळे मिटून मंडळी गोल टेबलाभोवती हसत बसत. आजोबा मात्र खिडकीजवळच्या आरामखुर्चीत वर्तमानपत्र धरून असत. प्रत्येक भागात एकदा ते वर्तमानपत्र खाली करीत आणि विचारीत, "माझा चहा कुणी प्यायला?" त्यांची भूमिका एवढीच होती. परंतु त्या एका वाक्यावर जुन्नरच्या बाजारापासून मंचरच्या बाजारापर्यंत लोक हसत, कारण तो माणूस आपल्याकडचा होता.

हा गृहस्थ मुंबईत एका कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होता आणि संध्याकाळी एका नाटकमंडळीत पडदा ओढी. आजोबांची भूमिका करणारा कोणी आयत्या वेळी आला नाही म्हणून याला खुर्चीत बसवले गेले. वय पन्नाशीच्या आसपास. केस पांढरे रंगवावे लागत. वर्षभर त्याने खुर्ची सांभाळली. मग त्याने दिग्दर्शकाकडे आपल्याला आणखी एक वाक्य मिळावे अशी मागणी केली. पुढल्याच आठवड्यात खुर्ची रिकामी दिसली आणि शेजाऱ्याने चौकशी करताच मालिकेतल्या वडिलांनी सांगितले, "आजोबा गावाला गेलेत."

त्याच सुमारास कारखान्याचे फाटकही बंद झाले आणि आजोबा खरोखरच गावाला आले. मालिका पुढे चालू राहिली. पिंपरी पेंढारला आपल्या ओट्यावर बसून हा माणूस दर आठवड्याला ऐके की, आजोबा गावाला गेलेत. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना म्हणे, "बघा, नाव काढत्यात. मी काय मेलो न्हाई. गावाला गेलोय. गावाला गेलेला माणूस येतोच की परत."

घरी त्याची बायको, सून आणि नात असत. मुलगा ट्रक चालवी आणि महिन्यातले वीस दिवस बाहेर असे. या घराला त्याने कधी घर मानले नाही. सुनेने चहा पुढे केला की तो म्हणे, "तिकडं ट्रेमधी येतो. कपाला बशी असती." बायको काही बोलली की म्हणे, "तिकडं बाया हळू बोलत्यात." सून तोंडाची फटकळ होती. मी एकदा कामानिमित्त त्यांच्या ओट्यावर गेलो असताना ती माझ्यासमोर म्हणाली, "तिकडची सून लई गुणाची. वर्षभर एकच साडी नेसून 'बाबा, चहा' म्हनली, आन् ह्यास्नी जल्माचं पुरलं. हितं मी म्हशी काढून, भाकरी थापून चहा देती, त्यो ह्यांच्या नरड्याखाली उतरंना." आजोबा ऐकत होते. त्यांनी केवळ वर्तमानपत्र वर केले.

मालिका संपली, परंतु ते कुटुंब संपले नाही. काही वर्षांनी त्या मंडळींचा एक चित्रपट आला. त्यात सगळे महाबळेश्वरला सहलीला जातात. आजोबांना बोलावणे आले नाही. त्यांनी खुलासा केला, "म्हाताऱ्याला कोण सहलीला नेतंय?" आणखी काही वर्षांनी, घरोघरी केबल आल्यावर, एका खाजगी वाहिनीने दिवाळीत त्या सर्वांना एका सोफ्यावर बसवून जुन्या आठवणी काढल्या. खोडकर मुलगा टकला झाला होता, शहाणी मुलगी परदेशातून आली होती. सोफ्यावर आजोबा नव्हते. त्यांनी खुलासा केला, "टपाल गहाळ झालं आसंल." मग एके दिवशी वर्तमानपत्राच्या पुरवणीत बातमी आली की तेच कुटुंब पुन्हा मोठ्या पडद्यावर येणार असून गोष्ट खोडकर मुलाच्या लग्नाची आहे. ती पुरवणी घेऊन आजोबा एस.टी.ने जुन्नरला माझ्या टेबलाशी आले. केस आता आपोआप पांढरे झाले होते.

"नातवाचं लग्न हाय, भाऊसाहेब," ते म्हणाले. "नातवाच्या लग्नाला आजा नाय, आसं कुठं आसतंय का? त्यास्नी फकस्त कळवायचं, की मी हाय म्हणून."

टेबलाभोवती सात-आठ माणसे होती. मी कागद ओढला. "विषय काय लिहू?"

"विषय? घरच्या पत्राला कुठं विषय आसतो व्हय?"

"विषय नसला तर टपाल फाईलला लागत नाही."

"आवो, फाईल कशाला? घरच्यास्नी लिवायचंय. तुमी लिवा, 'चिरंजीवास आशीर्वाद'."

मी त्यांना समजावले की चित्रपट काढणारी कंपनी कोणाची चिरंजीव नसते. अखेर मी लिहिले : 'विषय — आजोबांच्या भूमिकेत परत घेणेबाबत.' खाली मजकूर : 'अर्जदार हा सदर कुटुंबाचा ज्येष्ठ सदस्य असून सांप्रत गावी वास्तव्यास आहे. सदर कुटुंबात विवाहकार्य योजिल्याचे वर्तमानपत्रावरून समजते. तरी अर्जदारास पूर्ववत सामावून घ्यावे, ही विनंती.' मी ते मोठ्याने वाचून दाखवले.

आजोबा म्हणाले, "तुमची भाषा म्हंजी पंचनामा हाय, राव. मान्सू जित्ता हाय का बुडून मेलाय, कायच कळत न्हाई त्यातनं."

माणसे हसली. माझ्या भाषेला माझ्याच टेबलाशी हसलेले मी त्यापूर्वी ऐकले नव्हते आणि त्यानंतरही ऐकले नाही. मी हसणाऱ्यांचे चेहरे लक्षात ठेवले. आजोबांचा तर लक्षात होताच.

"शेवटाला एक वाक्य माझं घाला," ते म्हणाले. "खुर्ची तीच काढा म्हनावं. नवी नगं. तिचा डावा हात जरा हालतोय, मला सवय हाय."

मी मान हलवली. ते वाक्य मी लिहिले नाही, कारण त्यात कोणतीही मागणी नियमात बसणारी नव्हती. त्यांनी अंगठ्याच्या नखाने शाई वाळली का ते पाहिले, सही केली, आणि अर्ज पोच-पावतीसह रजिस्टर टपालाने गेला.

महिन्याने उत्तर आले. आजोबा पाकीट न फोडताच माझ्याकडे घेऊन आले. आत एक इंग्रजी पत्र आणि सोबत एक छापील कागद, खाली सहीसाठी ठिपक्यांची ओळ. टेबलाभोवती पुन्हा माणसे होती. उत्तर आले आहे हे कळल्यामुळे जास्तच होती. आता हे मान्य करावयास हरकत नाही की माझे इंग्रजी नावे, तारखा, आकडे आणि कचेरीत नेहमी येणारे चार शब्द एवढ्यापुरते आहे. परंतु इंग्रजी कागद हातात घेऊन 'मला वाचता येत नाही' असे म्हणणारा अर्जलेखक दुसऱ्या दिवशी त्या जागी बसू शकत नाही. मी चष्मा लावला आणि पत्र वरून खाली पाहिले. मला त्यात अर्जदाराचे नाव दिसले, फोटो हा शब्द दिसला, दहा बाय बारा हा आकडा दिसला, आणि सहीचा शब्द दिसला.

"फोटो मागितला आहे," मी म्हणालो. "आणि सही."

"म्हंजी?"

"म्हणजे मंजूर."

हे मी थाप म्हणून बोललो नाही. पंचवीस वर्षांच्या अनुभवाने बोललो. ज्याचे काम व्हायचे नाही त्याच्याकडे कोणतीही कचेरी फोटो मागत नाही. शिधापत्रिका असो, परवाना असो, निराधाराचे प्रकरण असो. आधी चौकशी होते, मग शेरा पडतो, मग मंजुरी होते, आणि सर्वांत शेवटी चिकटवण्यासाठी फोटो मागतात. फोटो मागितला की घरी जाऊन गोड करावे, असे मी शेकडो लोकांना सांगितले आहे आणि एकदाही ते खोटे ठरले नव्हते. आपटाळ्याचा एक माणूस तेथेच म्हणाला, "माझ्या रेशन कार्डाचं बी आसंच झालं व्हतं. फोटो मागितला आन् आठ दिसांत कार्ड."

"दहा बाय बारा येवढा मोठा कशापायी?" आजोबांनी विचारले.

"पोस्टर," मी म्हणालो.

आम्ही त्याच दुपारी बाजारपेठेतल्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याने आजोबांना स्टुलावर बसवून सांगितले, "जरा हसा, आजोबा." आजोबा हसले. मी त्यांना थांबवले. हा कागदाला लागणारा फोटो आहे, येथे हसायचे नाही, टोपी काढायची, हनुवटी खाली, दृष्टी समोर. दोन प्रती काढल्या : एक कंपनीसाठी, एक नियमाप्रमाणे माझ्या फाईलला. मग ठिपक्यांच्या ओळीवर मी बोट ठेवले आणि त्यांनी सही केली. इतकी सावकाश आणि इतकी वळणदार सही मी कोणाची पाहिली नव्हती.

कागद रवाना झाल्यावर दोन-तीन दिवसांनी मी त्या पत्राची झेरॉक्स घेऊन समोरच्या दुकानात गेलो. कागद, शाई आणि छापील नमुने विकणारे ते जैन व्यापारी. त्यांचे पूर्वज राजस्थानातून आले, पण ते स्वतः जुन्नरात जन्मलेले आणि इंग्रजी शाळेत शिकलेले. फाईल नीट लावण्यापूर्वी मजकूर एकदा ताडून पाहावा, एवढाच माझा हेतू होता. त्यांनी पत्र वाचले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"ह्यात लिहिलंय की नव्या गोष्टीत आजोबा वारलेले आहेत. भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवाय, आणि तो वापरायला त्यांची परवानगी. आपुलकीनं पत्र पाठवलं म्हणून आभार मानलेत."

"चित्रीकरणाला केव्हा बोलावले आहे?"

"बोलावलंय असं कुठंच नाही. तुम्ही हे वाचून दाखवलं होतं ना त्यांना?"

"वरवर," मी म्हणालो.

"मग आत्ताच सांगून टाका. चित्रपट काय उद्या लागत नाही. परवानगी काढून घेतो म्हणून कळवता येईल. म्हातारा चार दिवस रडेल, पण घरात रडेल."

मी त्यांना जाणीव करून दिली की हे माझ्या पक्षकाराचे कागद आहेत आणि याची बाहेर वाच्यता होऊ नये. ते म्हणाले, "माझं दुकान आहे, भाऊसाहेब, पेपर नाही."

मी सांगितले नाही. त्या वेळी मी स्वतःला अनेक कारणे दिली. ती सर्व चांगल्या भाषेत होती. आता एवढेच लिहितो की, माझ्याच टेबलाशी, त्याच माणसांसमोर, 'मला ते पत्र वाचता आले नव्हते' असे म्हणण्यापेक्षा एका म्हाताऱ्याची फजिती मला स्वस्त वाटली. त्याखाली आणखी एक कारण होते. ज्या चेहऱ्याने माझ्या भाषेला पंचनामा म्हटले होते, तो चेहरा पडताना मला पाहायचा होता.

भाद्रपद सरता सरता त्यांची सून एकटी माझ्याकडे आली. तिच्या मुलीचे लग्न पारगावकडच्या एका मुलाशी ठरले होते. घरचा ऊस, स्वतःचा ट्रॅक्टर, माणसे सरळ. मुलाकडच्यांना मार्गशीर्ष हवा होता. आजोबा म्हणत होते, चित्रीकरणाच्या तारखा येईपर्यंत थांबा. नातवाच्या लग्नात मी अक्षता टाकीत असेन आणि इकडे नातीचे लग्न लागेल, हे शोभत नाही.

ती माझ्यासमोर उभीच राहिली. "भाऊसाहेब, कागदात तारीख हाय का? आसंल तर सांगा, म्हंजी तिच्या आधी नायतर मागनं आमी उरकून घेतो. नसंल तर नाय म्हनून सांगा. मी त्यास्नी गप करती."

फाईल माझ्या हाताखाली होती. मी म्हणालो, "तारीख कळवतील."

"कवा?"

"कंपनीच्या सोयीने."

ती म्हणाली, "तुमी म्हंता तर थांबतो." मुलाकडचे फाल्गुनापर्यंत थांबले. फाल्गुनात त्यांनी मुलाचे दुसरीकडे ठरवले आणि निरोपही तिसऱ्याच माणसाच्या तोंडी पाठवला. आजोबा म्हणाले, "जाऊं द्या. तिकडं वळख व्हईल, आनखी चांगलं ठिकाण मिळंल." त्या रात्री सुनेने आणि नातीने जेवण केले नाही, हे मला आजोबांनीच एखाद्या विनोदासारखे सांगितले.

चित्रपट लागण्याच्या आधी गावाने त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा. व्यासपीठावर मलाही खुर्ची होती आणि मी पंधरा मिनिटे बोललो. सुव्यवस्थित लेखन माणसाला कोठे नेऊन पोहोचवू शकते, हा माझा मुद्दा होता. टाळ्या चांगल्या पडल्या.

वैशाखात चित्रपट नारायणगावच्या टॉकीजला लागला. गावातून दोन जीपगाड्या निघाल्या, दुपारच्या तीनच्या खेळाला. आजोबा, त्यांची बायको, सून, मेंढरे राखणारा त्यांचा एक चुलतभाऊ, ग्रामपंचायतीतली मंडळी आणि मी. मला जाण्याचे टाळता आले असते. मी टाळले नाही. आजोबांच्या मागच्या रांगेत, किंचित डावीकडे बसलो, म्हणजे तेथून त्यांचा चेहरा अर्धा दिसे.

त्यांनी सत्काराची शाल भर वैशाखात अंगावर घेतली होती. पडद्यावर दार वाजले की ते ताठ होत. दुधवाला येई, मांडववाला येई, आगाऊ शेजारी येई. प्रत्येक वेळी आजोबा शाल सारखी करून पुन्हा मागे टेकत. मध्यंतरात कोणीतरी म्हणाले, "आजोबा, अजून तुमी दिसंना?"

"मानाचा मान्सू मागनंच येतो, पावणं," ते म्हणाले. "मुंडावळ्या बांधल्यावर बघा."

मुंडावळ्या बांधल्या गेल्या. लग्न लागले. नवरा-नवरी घरी आली, माप ओलांडले, आणि मालिकेतले वडील त्यांना दिवाणखान्यात घेऊन गेले. "आधी आजोबांच्या पाया पडा," ते म्हणाले. कॅमेरा खिडकीकडे वळला. तेथे ती आरामखुर्ची होती, रिकामी. तिच्या वरच्या बाजूला भिंतीवर दहा बाय बाराची चौकट होती. टोपी नाही, हनुवटी खाली, दृष्टी समोर, आणि गळ्याभोवती चंदनाचा हार. फोटो इतका योग्य आला होता की मलाच क्षणभर माझ्या कामाचे कौतुक वाटले. ज्याला हार घालायचा त्या फोटोत माणसाने हसू नये, हे कंपनीने सांगितले नव्हते. ते माझ्याच हातून झाले होते.

नवरा-नवरी वाकली. वडिलांनी डोळे पुसले आणि फोटोकडे बघून म्हणाले, "आज बाबा असते तर विचारलं असतं, माझा चहा कुणी प्यायला?"

सगळी टॉकीज हसली. टाळ्याही पडल्या. मग पुढच्या रांगांतून लोकांनी वळून पाहिले, कारण ज्याच्यावर हार होता तो शाल पांघरून मध्यभागी बसला होता. आणि मग ते दुसऱ्यांदा हसले, पहिल्यापेक्षा जास्त वेळ.

आजोबा हळू आवाजात म्हणाले, "माझं वाक्य हाय ते."

मेंढरे राखणारा चुलतभाऊ त्यांच्या शेजारीच होता. तो म्हणाला, "दादा, आमी बोकडाला कापायच्या आधी हार घालतो. ह्यांनी तुला न कापताच घातला की."

सून पडद्याकडे बघत होती. तिने मान न वळवता म्हटले, "तिकडच्या सुनंनं हार तरी घातला. आमी चहाच देत राह्यलो."

त्यांची बायको उठली. तिने पदर दोन्ही खांद्यांवर ओढून घेतला, एका हाताने गळ्यातले मंगळसूत्र मुठीत धरले आणि माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढीत बाहेर गेली. चित्रपट संपेपर्यंत ती उन्हात तापलेल्या जीपमध्ये एकटी बसून होती. मी आजोबांचा चेहरा पडताना पाहण्यासाठी आलो होतो. तो पडला नाही. तो फोटोतल्यासारखाच राहिला, म्हणून मला नीट पाहता आले नाही.

पिंपरी पेंढारने पुढचे काम केले. चहाचा टपरीवाला कप लांब ठेवून विचारी, "आजोबा, हितं ठिवू का, का वर पत्र्यावर ठिवू कावळ्यास्नी?" कोणी वाटेत भेटला की म्हणे, "कवा आलासा वरनं?" जे लोक त्यांच्या एका वाक्यावर पंधरा वर्षे हसले होते, त्यांना आता नवे वाक्य मिळाले होते आणि ते रोज वापरत होते. घरी सून चहा देताना एवढेच म्हणे, "तुमचा चहा कुनी पेला न्हाई. ठिवलाय तितंच हाय."

पंधरवड्याने आजोबा माझ्या टेबलाशी आले. माणसे असताना आले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत, मी डबा सोडत असताना आले.

"भाऊसाहेब, त्यो कागद तुमी वाचला व्हता का न्हाई?"

"वाचला होता."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

मी घास गिळला आणि जे मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो तेच सांगितले. "कागदावर सही तुमची आहे."

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले, जणू तो हात दुसऱ्याचा होता. मग म्हणाले, "दुसरा अर्ज लिवा. मी जित्ता हाय म्हणून. फोटो काढा म्हनावं तितनं. मला पिच्चरमधी घेऊं नका, पर गावालाच ठिवा. 'आजोबा गावाला गेलेत', येवढंच म्हना. पैल्यासारखं."

मी कागद घेतला. 'विषय — अर्जदार हयात असलेबाबत.' मजकूर लिहून झाल्यावर मी म्हणालो, "सोबत हयातीचा दाखला जोडावा लागेल. तलाठ्याकडून आणा."

"आवो, तुमी बघताय की मला."

"माझ्या बघण्याला कागदाची किंमत नाही."

ते गेले. त्या वयात, त्या उन्हात, एस.टी.ने परत जाऊन त्यांनी तलाठ्याला गाठले, तिसऱ्या फेरीत दाखला मिळवला आणि आणून माझ्यासमोर ठेवला. दाखल्याची त्या अर्जाला गरज नव्हती. हे मला लिहितानाही ठाऊक होते. अर्ज गेला, पोच-पावती आली, उत्तर आले नाही. ते दर आठ-पंधरा दिवसांनी येत, काही न विचारता बाकावर बसत, आणि मी मान हलवली की उठून जात. पुढच्या पावसाळ्यानंतर ते येईनासे झाले.

दोन वर्षांनी त्यांची सून आली, मुलीला सोबत घेऊन. मुलगी अजून घरीच होती. आजोबा वारले होते; तिचा नवरा ट्रकवर बाहेर असल्याने वारसनोंदीचा अर्ज तिच्या सहीने करायचा होता. मी विषय लिहिला, मजकूर लिहिला, वाचून दाखवला. सुनेने तो संपेपर्यंत ऐकला आणि हात पुढे केला. "द्या जरा."

मला वाटले ती सही करणार. तिने कागद घेतला, मुलीला बाकावर बसायला सांगितले आणि रस्ता ओलांडून समोरच्या जैन व्यापाऱ्यांच्या दुकानात गेली. मराठीत, माझ्या हस्ताक्षरात, स्पष्ट लिहिलेला कागद. मी येथून पाहत होतो. त्यांनी तो तिला पहिल्या ओळीपासून वाचून दाखवला, बोट ठेवून, सावकाश. टेबलाभोवतीची माणसेही पाहत होती.

परत येऊन तिने सही केली. मग म्हणाली, "भाऊसाहेब, त्यांचा फोटो काढला व्हता नव्हं तुमी? दोन परती व्हत्या म्हनत व्हते. भितीला लावाया घरात एक बी न्हाई."

फाईल खालच्या कप्प्यात होती. फोटो तसाच होता. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. तिने तो हातभर लांब धरून पाहिला, मग मुलीला दाखवला.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "हारच तेवढा आनायचा ऱ्हायलाय."